समुपदेशनाच्या खोलीबाहेरचा बाक

नवऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करणं सगळ्यात अवघड, असं मला सगळे सांगत होते. ते झालं. तो स्वतः तयार झाला, दिरांनी गाडी काढली, डॉक्टरांनी तपासलं, पैसे भरले. एवढंच सांगते की रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास, कधी फिट असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हवेतच.

अडलं ते माझं.

दाखल करताना फॉर्म भरून घेतला. केव्हापासून पितात, रोज किती, उधारी आहे का, नोकरी आहे की गेली. एक प्रश्न मारहाणीचा होता, पुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन. मी ‘हो’वर खूण केली. कागद घेणाऱ्या मुलाने पान उलटलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. त्या खुणेबद्दल मला त्या केंद्रात पुढे कोणीही एक शब्द विचारला नाही. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

भिंतीवर पाटी होती, ‘कुटुंबीयांसाठी समुपदेशन, रविवार सकाळी 11’. मी नाव लिहून बाहेरच्या बाकावर बसायची. सर राउंडला गेलेत. सर आज येणार नाहीत. नवीन पेशंट आलाय, पुढच्या रविवारी बघू. लोकलने दीड तास जायचं, बसायचं, आणि त्याचे धुवायचे कपडे पिशवीत घालून परत यायचं. मला काय सांगायचं होतं ते ठरलेलं होतं. तो केंद्रात होता, त्याची स्कूटर खाली धूळ खात उभी होती, तरी रात्री शेजारच्या इमारतीत कोणाची गाडी थांबली की मी ताडकन उठून बसायची. पोटात गोळा, तळहाताला घाम. मग उजाडेपर्यंत झोप नाही. माणूस घरात नसतानाही हे का होतं, एवढंच मला विचारायचं होतं.

शेवटी एकदाचा नंबर लागला. जेमतेम पंधरा मिनिटं. सर फाइल चाळत म्हणाले, “ताई, घरी आल्यावर सगळं तुमच्यावर आहे. लक्ष ठेवा, खिसे बघत जा, हातात पैसे देऊ नका, वाद घालू नका, घरात वातावरण आनंदी ठेवा.” मी इतकी वर्षं दुसरं काय करत होते? खिसे तपासत होते, दारात तोंडाचा वास घेत होते, ऑफिसात फोन करून ‘त्यांना ताप आहे’ म्हणत होते, सासूबाईंपासून लपवत होते. ज्या कामाने माझी झोप गेली तेच काम मला पुन्हा नेमून दिलं. त्यांच्या लेखी पेशंट एकच होता. घरातलं दुसरं आजारी माणूस त्यांच्यासमोर खुर्चीत बसलं होतं, ते त्यांना दिसलंच नाही.

दिसलं ते बाकावर शेजारी बसणाऱ्या ताईंना. पुढे ज्या गटाबद्दल सांगणार आहे, त्याचा नियम म्हणून नाव लिहीत नाही. त्यांचे मिस्टर परत परत दाखल झालेले. मी खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांनी डब्यातली पोळी-भाजी माझ्यापुढे केली आणि विचारलं, “तुला झोप लागते का गं?” मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, “मला तर कुकरची शिट्टी झाली तरी धस्स व्हायचं. जातं ते. पण एकटीने नाही जात.” मग म्हणाल्या, “गुरुवारी माझ्याबरोबर चल. नवरा पितोय की सुटलाय, याच्याशी त्याचा संबंध नाही. ते आपलं आहे.”

ते म्हणजे अल-अनॉन. दारूचा त्रास ज्यांच्या घरात किंवा जवळच्या माणसात आहे, त्यांचा गट. फी नाही, शेवटी डबा फिरतो, वाटलं तर दहा-वीस रुपये टाकायचे. आमची मीटिंग शाळेच्या एका वर्गात भरते. प्रत्येकीने आपलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. ‘तू असं कर’ हे वाक्य तिथे नसतं, आणि माझ्या कानांना त्याचीच गरज होती. हे मी घडवलं नाही, मला ते ताब्यात ठेवता येणार नाही, मला ते बरं करता येणार नाही, ही तीन वाक्यं तिथे वारंवार ऐकू येतात. सरांनी दिलेली सगळी यादी त्या तीन वाक्यांनी माझ्या डोक्यावरून उतरवली. एका मीटिंगवरून मत बनवू नका, निदान सहा तरी करा, असं तिथे सांगतात. ते ऐकाच. पहिल्या वेळी मी गप्प बसून आले, तेही चालतं.

याची सुरुवातही बाहेर थांबलेल्या बायकांपासून झाली, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. 1935 साली अमेरिकेत बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब या दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून दारू दूर ठेवली, त्यातून एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, हा दारू सोडू बघणाऱ्यांचा गट उभा राहिला. नवरे मीटिंगमध्ये असायचे तेव्हा बरोबर आलेल्या बायका आपसात बोलायला लागल्या. बिलची बायको लोइस आणि तिची मैत्रीण अ‍ॅन यांनी 1951 मध्ये त्याचंच अल-अनॉन केलं.

नवरा घरी आला आणि काही महिन्यांनी घसरला. सकाळी उठवत नव्हतं. हात सवयीने मोबाइलवर गेला, त्याच्या साहेबांचा नंबर काढला. लावला मात्र ताईंना. त्या एवढंच म्हणाल्या, “नोकरी कोणाची?” मी साहेबांना फोन केला नाही. डबा भरला आणि माझ्या कामावर गेले. त्याची रजा बिनपगारी झाली, दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन काय ते सांगितलं आणि संध्याकाळी स्वतःच एएच्या मीटिंगला गेला. त्या दिवसाचा मला अभिमान आहे.

ताई माझा फोन दर वेळी उचलत नाहीत. ‘आज मला जमणार नाही, उद्या बोलू’ असा मेसेज येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला लागलं. पण ज्या मैत्रीत नाही म्हणता येतं तीच टिकते, हे मी त्यांच्याकडूनच पाहिलं. आता मीही म्हणते. शिवाय गटात आणखी चौघींचे नंबर आहेत. एकीवरच सगळा भार टाकू नका, नाहीतर नवऱ्याच्या जागी मैत्रीण एवढाच फरक होईल.

हो, आणि मारहाण होत असेल तर गट पुरत नाही. हेही ताईंनीच बजावलं. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे ताई माझ्याबरोबर आल्या. झोप आणि दचकणं यासाठी मी वेगळ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. तेवढा खर्च झेपत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे. व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन 14446.

केंद्र निवडताना खोल्या आणि जेवण बघण्याआधी फोनवरच विचारा, घरच्यांसाठी गट आहे का, आणि पेशंट घरी गेल्यावरही तो चालू राहतो का. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, म्हणजे हे करता येतं. उत्तर गुळमुळीत आलं तर पेशंटला तिथे ठेवा हवं तर, पण स्वतःसाठी जवळची मीटिंग त्याच आठवड्यात शोधा. त्याच्या डिस्चार्जची वाट बघू नका.