बास कोणता घेऊ, याआधी तो कशात लावणार ते सांगा

कार्यक्रम संपला, वायरी गुंडाळायला घेतल्या, की कुणीतरी जवळ येऊन बास गिटारबद्दल विचारतंच: "तीस हजारांत कोणता बास घेऊ? आणि पहिलं पेडल कोणतं?" (पेडल म्हणजे बास आणि मिक्सरच्या मध्ये जोडायचा, पायाने दाबायचा छोटा डबा.) मी उलट विचारतो, "वाजवणार कुठे? आणि बास लावणार कशात?" त्यावर समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू मी उत्तर द्यायचं टाळतोय. टाळत नाही. एकदा नीट लिहूनच टाकतो.

ठाणे-नवी मुंबईत काम असतं ते सोसायटीच्या हॉलात, लग्नाच्या लॉनवर, गणपती-नवरात्राच्या मंडपात, आणि नशीब असेल तेव्हा घाणेकरला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात. यातल्या बहुतेक ठिकाणी तुमचा अ‍ॅम्प तुमच्यापुरता असतो. लोकांना ऐकू येतं ते डीआय बॉक्समधून (बास मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीतून) मिक्सरला आणि तिथून स्पीकरला गेलेलं. म्हणजे दुकानातल्या छान अ‍ॅम्पवर जो आवाज ऐकून तुम्ही बास पसंत करता, तो मंडपात कुणालाच ऐकू येणार नाही.

म्हणून नवशिक्याला मी प्रिसिजन पद्धतीचा बास सुचवतो. फेंडर कंपनीने 1951 मध्ये पहिला प्रिसिजन काढला आणि 1957 मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप (तारांची थरथर पकडणारा भाग) बसवला. ते दोन तुकडे एकमेकांची हम, म्हणजे विजेची सततची घरघर, मारतात. फेंडरच्याच जॅझ बासमध्ये दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतात. दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा ठेवला तर हम बरीच कमी होते, एक कमी केला की परत येते. आपल्या स्टेजवर लाइटचे डिमर आणि एलईडी वॉल शेजारीच असतात, त्यामुळे हा फरक पहिल्या गाण्यापासून ऐकू येतो. जॅझचा आवाज मला जास्त आवडतो, हेही खरं. पण तुम्ही माझी आवड विचारलेली नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी आधी वायरीबद्दल विचारतो.

ऐरोलीकडचा मोकळ्या मैदानातला कार्यक्रम. पाऊस पडून गेलेला, प्लायच्या स्टेजवर ओलं कार्पेट. बासला प्रचंड हम. दहाला स्पीकर बंद करायचे, त्यामुळे सगळ्यांची घाई. साउंडवाल्यांपैकी एकाने बासिस्टच्या अ‍ॅम्पचा प्लग काढला, पकडीने वरची जाड पिन मोडली आणि प्लग परत लावला. हम गेली. टाळ्याही पडल्या. तिसऱ्या गाण्यात बासिस्ट कोरससाठी पुढे झुकला. डाव्या हातात तारा, ओठ माइकच्या जाळीला. तो मागे फेकला गेला. ओठावर पांढरा चट्टा, हाताची थरथर थांबेना, बास खाली. तो वाचला.

झालं काय? ती जाड पिन म्हणजे अर्थ. ती तुटली की अ‍ॅम्पची धातूची बॉडी अधांतरी राहते. आतल्या फिल्टरमधून, किंवा इन्सुलेशन कमजोर असेल तर थेट, 230 व्होल्टचा अंश त्या बॉडीवर येतो. तिथून केबलच्या जाळीतून बासच्या ब्रिजवर (तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या भागावर), ब्रिजवरून तारांवर. माइकची जाळी मात्र मिक्सरमार्फत अर्थला जोडलेली. मध्ये उरतो माणूस, ओल्या कार्पेटवर उभा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते नंतरचं. सगळ्यांनी बासलाच दोष दिला. "तुझ्या बासमध्येच करंट आहे." पोराने तो विकला, अगदी उत्तम बास, आणि मग विचारत फिरला: नवा कोणता घेऊ? बासचं काही चुकलं नव्हतं. तारा ब्रिजमार्फत ग्राउंडला जोडलेल्याच असतात, तुमचा हात लागल्यावर खरखर कमी होते ती त्यामुळेच. हमवरचा उपाय डीआय बॉक्सवर असतो: ग्राउंड लिफ्टचा स्विच. तो एक्सएलआरची (मिक्सरकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या केबलची) पिन 1 तोडतो, विजेच्या अर्थला हात लावत नाही. अ‍ॅम्प, पेडलबोर्ड आणि मिक्सर एकाच डिस्ट्रिब्यूशन बोर्डवरून घ्या, निम्मी हम तिथेच जाते. तरी राहिली तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय लावा.

आणि चेकिंगच्या वेळी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टच्या आत हवं. पन्नास-शंभर दिसले तर कुठेतरी अर्थ तुटलेली आहे. मग कितीही घाई असो, माइकजवळ जायचं नाही. "इतकं कोण करतं," असं मला तोंडावर म्हणतात. मी करतो, आणि माझ्याबरोबर वाजवणाऱ्यांनाही करायला लावतो.

म्हणून तीस हजारांतले तीसही बासवर घालू नका. एक तृतीयांश बाजूला ठेवा: सेटअप (नेक आणि तारांची उंची नीट लावणं), तारांचा जास्तीचा एक संच, दोन बऱ्या केबल आणि वीज लागणारा, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डीआय. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बासला अ‍ॅक्टिव्हच का, तर त्याचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण एक मेगाओमचा असतो. पॅसिव्ह डीआयचा बराच कमी असतो, त्यामुळे पिकअपवर भार पडतो आणि वरचा आवाज मंदावतो. बास अ‍ॅक्टिव्ह असेल तर बॅटरी संपल्यावर पॅसिव्हवर टाकायचा स्विच आहे का ते बघा, आणि वाजवून झालं की जॅक काढून ठेवा. जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते.

तारांबद्दल. निकेलच्या राउंडवाउंड (वर गोल तार गुंडाळलेल्या), जाडी 45 ते 105 (इंचाच्या हजाराव्या भागात), इथून सुरुवात करा. स्टेनलेस स्टील जास्त चमकदार वाजते, पण फ्रेटही (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) लवकर झिजवते. आपल्या हवेत घामाने तारा लवकर मरतात, म्हणून गाणं संपलं की तारेच्या खालूनही फडकं फिरवा. नवी तार लावताना पोस्टच्या (ट्यूनिंगच्या खुंटीच्या) पुढे दहा-बारा सेंटिमीटर ठेवा, कापायच्या जागेच्या अलीकडे काटकोनात वाकवा, मगच वाकाच्या पुढे कापा. सरळ कापली तर वरची गुंडाळी आतल्या गाभ्यावर सरकते आणि नवी तारही मेल्यासारखी वाजते. "खराब निघाली" म्हणून लोक दुकानात बदलून घेतात ती तार मुळात बिघडलेली नसते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

गेज, म्हणजे तारांची जाडी, बदलला तर सेटअप परत करावा लागतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये साधारण 0.3 मिमी फट. ट्रस रॉड (नेकमधली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा. अ‍ॅक्शन म्हणजे तारेची उंची, सतराव्या फ्रेटवर मोजा: जाड तारेखाली सुमारे 2.4 मिमी, बारीक तारेखाली 2. पावसाळा सुरू झाला की हे सगळं पुन्हा मोजा, नेक हलतेच.

फ्लॅटवाउंडबद्दल (वर चपटी पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांबद्दल) मी अजून स्वतःशीच भांडतो. जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला आपला बास फ्लॅटवाउंडवर वाजवला, आणि जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात ढोलकीशेजारी त्या तारा फार सुरेख बसतात. पण त्याच रात्री शेवटी नाचाची गाणी आली की बास ऑक्टापॅडच्या किक ड्रमच्या आवाजाखाली दडपतो. दोन बास घेऊन लोकलमध्ये चढणं प्रत्येकाला जमत नाही.

चार तारा की पाच? पूर्वी मी सरसकट म्हणायचो, चार पुरे. आता तसं म्हणवत नाही. चार तारांचा सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन, म्हणजे पाश्चात्त्य ई. गायिकेने ऐनवेळी काळी दोन सांगितली की खालचा सा हातात नसतो, वरच्या सप्तकात पळावं लागतं. पाचवी, म्हणजे बी तार असली की तो मिळतो. पण तिचा मोकळा सूर 31 हर्ट्झचा, आणि हॉलमधले छोटे स्पीकर त्याच्या पुष्कळ वरच हात टेकतात. लोकांना ऐकू येतो तो त्याचा वरचा स्वरांश. म्हणून पाच तारांचा घ्याच, पण बी तार ढिली, गढूळ वाजत असेल तर नको.

पेडल्स. पहिला ट्यूनर. त्याने म्यूटही होतं, आणि स्टेजवर त्याची गरज जास्त. मग जोराचे सूर दाबून आवाज सारखा करणारा कॉम्प्रेसर, 4:1 वर, तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त दाबू नका. आवाज फाटल्यासारखा करणारा ओव्हरड्राइव्ह घ्यायचा तर कोरा आवाज मिसळायचा नॉब हवाच, नाहीतर खालचा आवाज पातळ होतो. पॉवर सप्लाय प्रत्येक पेडलला वेगळा, आयसोलेटेड असावा. एकाच वायरीवर डिजिटल पेडल जोडलं की किणकिण सुरू होते, आणि मग पेडल बदलत बसता. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, प्लगची पोलॅरिटीही. मिलीअँपिअर लागतात तेवढे किंवा जास्त असले तरी चालतं.

एवढं करूनही दुकानात जाणार असाल तर स्वतःचा पट्टा घेऊन जा. खुर्चीत बसून बास पसंत करू नका. उभं राहून डावा हात सोडा. हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) खाली गेला तर रात्रभर तुमचा डावा हात वाजवायचं सोडून नेक धरून ठेवेल, आणि मग तो बास कुणी कितीही चांगला म्हटला तरी घेऊ नका.