निम्मी रॅम, जास्त पैसे

नौपाड्यातल्या ज्या क्लासमध्ये मी दहावीला होतो, त्याच क्लासची मूडलवरची (ऑनलाइन शिकवणी-परीक्षांच्या प्रणालीवरची) सराव परीक्षा रविवारी सकाळी दहाला सुरू झाली आणि काही मिनिटांतच अडकली. मुलांच्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरायचं आणि मिनिटभराने ‘५०४’ची, म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही अशी पाटी यायची. सरांचा फोन आला, "अरे, ऐरोलीतच आहेस ना? येऊन जा जरा. सर्व्हर विकणारे मोठा प्लॅन घ्या म्हणतायत."

ट्रान्स-हार्बरने ठाण्याला पोचलो, तेव्हा सरांनी १६ जीबी रॅमच्या व्हीपीएसचं, म्हणजे एका मोठ्या यंत्रातला वाटा भाड्याने मिळतो त्या सर्व्हरचं पान उघडून कार्ड हातात घेतलं होतं. चालू प्लॅन ८ जीबीचा, चार कोअरचा (कोअर म्हणजे सीपीयूचा एक भाग). नव्या प्लॅनचे तीन वर्षांचे पैसे एकदम भरले, तर महिन्याचा दर अगदी थोडा दिसत होता. नूतनीकरणाचा दर, बॅकअप आणि १८ टक्के जीएसटी हे सगळं खाली बारीक अक्षरांत.

"सर, आधी मशीन बघू द्या," मी म्हटलं.

रॅम बघितली तर पाच जीबीहून जास्त मोकळी. मग यंत्रावर काय चाललंय ते दाखवणारं ‘टॉप’ चालवलं. आपल्या प्रोग्रामांनी वापरलेला सीपीयू थोडाच होता, पण त्याच ओळीत शेवटी असणारा ‘एसटी’चा आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास खेळत होता. हा स्टील टाइम. आपल्या सर्व्हरकडे काम तयार आहे, पण मूळ यंत्रावरचा सीपीयू त्या वेळी दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिलेला आहे, असा त्याचा अर्थ. स्वस्त व्हीपीएसमधला ‘कोअर’ बहुतेक वेळा सामायिकच असतो. एका यंत्रावर असतात त्याहून जास्त कोअर विकले जातात, आणि सगळे एकदम कामाला लागत नाहीत तोवर त्याने काही बिघडतही नाही. इथे मात्र विक्रेत्याने मर्यादा सोडली होती.

सर लगेच म्हणाले, "म्हणजे फळा एक आणि शिकवणारे चार. मग माझी वही मोठी करून काय उपयोग?"

नेमकं तेच. त्याच विक्रेत्याकडे १६ जीबी घेतले असते, तर मोकळी रॅम वाढली असती आणि परीक्षा तशीच अडकली असती. सपोर्टला आकडे पाठवले, उत्तर आलं, "तुमचा वापर वाढला आहे, अपग्रेड करा." मला याचा मनापासून राग येतो. कळव्याची एक मुलगी वडिलांच्या फोनवर पेपर देत होती आणि बाराला ते ड्यूटीवर निघणार होते. अशांच्या वेळेची किंमत त्या प्लॅनच्या पानावर कुठेच नसते.

सरांनी ग्रुपवर परीक्षा संध्याकाळी सातला ढकलली, रात्री अकरापर्यंत खिडकी उघडी ठेवली. मी तासाच्या हिशेबाने बिल लावणाऱ्या दोन विक्रेत्यांकडे ४ जीबी रॅम, दोन कोअरचा एकेक केव्हीएम प्रकारचा व्हीपीएस घेतला, दोन्ही मुंबईतले. युरोपातला आणखी स्वस्त होता, पण तिथला पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायचा वेळ, शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो आणि पान यायच्या आधीच जोडणीसाठी अशा दोन-तीन फेऱ्या होतात. दोन्ही सर्व्हरवर मूडलची तीच प्रत चढवली, जेमीटर या चाचणीच्या प्रोग्रामने दीडशे विद्यार्थ्यांचा खोटा भार सोडला आणि स्टील बघायला बाजूला ‘व्हीएमस्टॅट’ चालू ठेवलं. एकावर स्टील दहाच्या वर जायला लागला. दुसऱ्यावर तो एक टक्क्याच्या पुढे सरकला नाही. तोच ठेवला.

सर्व्हरवरच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर पीएचपी-एफपीएम, म्हणजे मूडलची पानं तयार करणारा प्रोग्राम, मुळात एका वेळी पाचच प्रोसेस (कामकरी) चालवतं. ती मर्यादा तशीच राहिली तर घेतलेली रॅम नुसती पडून राहते. मूडलची एक प्रोसेस साधारण साठ एमबी खात होती. डेटाबेसचा आणि सिस्टिमचा वाटा बाजूला काढून मर्यादा तीसवर नेली.

"निम्मी रॅम आणि पैसे जास्त?" सरांनी दोनदा विचारलं. हो, महिन्याला थोडे जास्तच. आणि भरायचेही महिन्याचेच, निदान मार्चच्या बोर्डाच्या परीक्षा होईपर्यंत, कारण आज शांत असलेलं यंत्र चार महिन्यांनी भरलेलं असू शकतं. तीन वर्षांची सवलत घेतली, की आपल्याला निघता येत नाही. सर तयार झाले. सातची परीक्षा नीट पार पडली. कळव्याच्या मुलीचा पेपर वडील घरी आल्यावर, साडेदहानंतर जमा झाला.

बॅकअपचं मात्र मी हट्टाने मार्गी लावलं. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधलं ओव्हीएच या सर्व्हर कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा काहींचा डेटा कायमचा गेला. जुन्या सर्व्हरचे वर्षभराहून जास्त मुदतीचे पैसे भरलेले होते, परताव्याची मुदत केव्हाच उलटलेली. तो बंद केला नाही. नव्या सर्व्हरचा डेटाबेस रोज रात्री दोनला कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होऊन तिथे बॅकअप म्हणून जातो. त्या वेळी सीपीयूची वाट बघावी लागली, तरी कुणाचा पेपर अडत नाही.