लाइन बंद कधी करू, ते सांग

मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शाश्वत व्यवसाय हा विषय शिकवते. नफा, माणसं, पृथ्वी हे त्रिकूट मुलांना आधीच तोंडपाठ असतं. शाश्वत व्यवसायाचे अभ्यासक जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये मांडलेली, कंपनीचं यश या तिन्हींवर मोजणारी ही ‘ट्रिपल बॉटम लाइन’ त्यांनी स्वतःच २०१८ मध्ये जाहीरपणे मागे घेतली, कारण कंपन्यांनी तिचा नुसता हिशेबाचा तक्ता करून टाकला होता. मला वाटतं, आपण शिकवणाऱ्यांनीही तेच केलंय.

म्हणून मी मुलांना कारखान्यात नेते, तेही जेवणाच्या सुट्टीत. तिथली यंत्रं पाइपांतून येणाऱ्या दाबलेल्या हवेवर चालतात; ती थांबली की पाइपांतून सुटणारी हवा फुसफुसताना ऐकू येते. सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले की खूण करायची. देखभाल नीट नसेल तर कॉम्प्रेसरने दाबलेली २० ते ३० टक्के हवा अशी निसटू शकते आणि तिच्यासाठी जाळलेली वीज फुकट जाते. कंपनीच्या कार्बन हिशेबात विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन म्हणजे ‘स्कोप २’, हे मग वेगळं समजावावं लागत नाही.

पण गळती सापडणं हा सोपा भाग. एका मुलीने देखभालीच्या काकांना विचारलं, “काका, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?” ते म्हणाले, “माहीत आहे गं. पण लाइन बंद कधी करू, ते सांग.” दुरुस्तीला दाब उतरवावा लागतो, दाब उतरला की काम थांबतं आणि नगावर मजुरी घेणाऱ्यांचे तेवढे पैसे बुडतात. मुलांच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. त्यांनी साप्ताहिक सुट्टीचा दिवस सुचवला. मग काकांची सुट्टी गेली, त्याचं काय? वर्गात यावर जितकी कडाक्याची चर्चा झाली, तितकी माझ्या कुठल्याच व्याख्यानावर झालेली नाही.

तरुण माणूस भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारातलं शहाणपण अनुभवानेच येतं, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. मान्य. पण त्यासाठी केस पिकायची वाट कशाला बघायची? विद्यार्थ्याला निर्णय घेऊ द्या आणि त्याची झळ ज्याला बसली, त्याच्यासमोर पुन्हा उभं करा. आमची मुलं पुढच्या सत्रात परत जातात, मीटर वाचतात, कामगारांशी बोलतात. प्रकल्पाचे निम्मे गुण मी या दुसऱ्या भेटीला ठेवलेत.

यंदा लेखाशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही सोबत नेणार आहे. काकांच्या बदली रजेचा खर्च गळतीच्या बचतीतून वजा करायचा की नाही, यावर दोन गट पडलेत आणि दोघांकडेही दम असलेले मुद्दे आहेत.