टँकरची वही

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या, शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या एका कंपनीचे पर्यावरणविषयक आकडे पडताळण्यासाठी गेलो होतो. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘बीआरएसआर’, बंधनकारक केला, तेव्हापासून माझा उन्हाळा वीजबिले, डिझेलच्या पावत्या आणि पाण्याच्या मीटरची रीडिंगे जुळवण्यात जातो.

मसुद्यातील एका वाक्यापाशी मी थांबलो होतो. ‘जलसंधारणाच्या उपाययोजनांमुळे भूजलाच्या उपशात लक्षणीय घट’ असे ते वाक्य होते. घट खरी होती, कारण दोन कूपनलिकांची मीटर-रीडिंगे मी स्वतः तपासली होती. उत्पादन मात्र कमी झालेले नव्हते, आणि उपाययोजना म्हणून दाखवण्यासारखी एक पावसाच्या पाण्याची टाकी तेवढी होती.

बैठकीला सात विभागप्रमुख होते. त्यांतील पाच जण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच कंपनीत शिकाऊ अभियंते म्हणून लागलेले. एकाने सुरू केलेले वाक्य दुसऱ्याने पुरे करावे इतके एकमेकांना सरावलेले. कंपनीचे निर्णय हे वरच्या फळीतील माणसांच्या अनुभवांचे आणि समजुतींचे प्रतिबिंब असते, असे हॅम्ब्रिक आणि मेसन या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८४ साली मांडले, आणि त्या धाग्यावर पुढे या फळीतील विविधता व पर्यावरण अहवालांचा खरेपणा यांचा संबंध शोधणारे पुष्कळ संशोधन झाले. तो संबंध प्रत्यक्षात कोणत्या टेबलावर आणि कोणत्या कागदापाशी जुळतो, हे मात्र मी तोवर पाहिले नव्हते.

खरेदी विभागाच्या प्रमुख बाईंनी मसुद्याचे पान पुढे सरकवले. बाहेरून घेतलेल्या पाण्याच्या रकान्यात शून्य होते.

“सर, इथे शून्य कसे? टँकरची बिले माझ्याच सहीने जातात.”

“मॅडम, ते वाहतूक खर्चात धरले आहे,” कारखानाप्रमुख शांतपणे म्हणाले. “ते पाणी म्हणून येत नाही.”

पाणी पाणी म्हणून येत नाही, हे वाक्य ऐकून कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, आणि खोटे बोलण्याचा कोणाचा हेतू असल्याचे मला त्या क्षणीही वाटले नाही. कूपनलिका उन्हाळ्यात आटत चालल्या, म्हणून टँकर सुरू झाले. टँकरचे बिल वाहतुकीच्या खात्यात पडले. आणि खाते बदलल्याबरोबर पाणी अहवालातून नाहीसे झाले. मधली प्रत्येक पायरी कोणाच्या तरी सोयीची होती, एवढेच.

कारखाना ज्या पठारावर आहे, त्याच्या पायथ्याच्या गावात बाईंचे घर आहे. जांभ्या दगडाचे पठार पावसाचे पाणी मुरवून घेते आणि तेच उन्हाळ्यात पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना पुरवते. ज्या विहिरीवरून टँकर भरत, तिचा पंप पहाटे चारला सुरू होतो, हे त्या झोपेतून ऐकत आल्या होत्या. गोव्यात भूजल नियमनाचा कायदा २००२ पासून आहे. तरी वर भूजल ‘वाचले’ आणि खाली ते उपसले गेले, ही गोष्ट त्या खोलीत त्यांच्याखेरीज कोणालाच दिसण्यासारखी नव्हती.

त्या बाई आहेत म्हणून हे झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाई शेजारीच गप्प बसल्या होत्या. पहिल्या १,००० कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक स्वतंत्र महिला संचालक असणे २०२० पासून सक्तीचे आहे, आणि या कंपनीतही त्या होत्या. उत्सर्जनाबद्दलचे त्यांचे प्रश्न चांगले होते, पण त्या मुंबईहून पडद्यावर दिसत आणि फाटकावरून टँकर आत येताना त्यांना दिसणे शक्य नव्हते. शिवाय खरेदीच्या बाईंनी हाच मुद्दा गेल्या वर्षीही काढला होता. तेव्हा ‘पुढच्या वेळी पाहू’ असे म्हणून तो बाजूला पडला होता.

या वर्षी फरक एवढाच होता, की वित्तप्रमुख नवे होते, दुसऱ्या उद्योगातून आलेले आणि त्या पाच जणांच्या जुन्या मैत्रीत नसलेले. त्यांनी मान वर न करता विचारले, “मग वाहनांची नोंद कुठे असते?”

फाटकावरच्या चौकीतून लाल कापडी पाठीची वही आली. गाडी क्रमांक, वेळ, लिटर, चालकाची सही. पावसाळ्याआधीच्या पानांवर घामाच्या बोटांचे डाग. अहवालाच्या वर्षातले एप्रिल आणि मे मिळून ६१ दिवस, रोज सरासरी सहा टँकर, प्रत्येकी १० किलोलिटर. मी कॅल्क्युलेटर फिरवून सगळ्यांसमोर ठेवला: ३,६६० किलोलिटर, तेही केवळ दोन महिन्यांचे. कूपनलिकांच्या उपशातली वर्षभराची घट याहून कमी होती.

‘जलसंधारणाच्या उपाययोजनांमुळे’ हे शब्द कारखानाप्रमुखांनी स्वतः खोडले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. थोडा अवघडलेपणा होता.

आता प्रश्न मागच्या रकान्याचा होता. या अहवालात चालू वर्षासोबत आदल्या वर्षाचाही आकडा द्यावा लागतो, आणि तो आकडा गेल्या वर्षी छापून गेला होता. व्यवस्थापकीय संचालकांनी विचारले, तोही सुधारायचा का? मी होकार दिला. चौकीदार आदल्या वर्षीची वही शोधायला गेला आणि अर्ध्या तासाने, कडा वाळवीने खाल्लेली, ती घेऊन आला. बाईंनी तिची पाने उलटली नाहीत. आपल्या फाइलमधून गेल्या वर्षीच्या बिलांच्या प्रती काढून त्यांनी त्या वहीशेजारी ठेवल्या.