किल्ली खिशातच राहिली

टूर मॅनेजर म्हणून केनियातल्या मसाई मारात मी अनेकदा गेले आहे, पण ऑगस्टमधल्या एका सफारीतला तिसरा दिवस अजून डोक्यातून जात नाही. माझ्याबरोबर सहाच पाहुणे होते. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने थेट माळावरच्या मातीच्या धावपट्टीवर उतरलो होतो. माणशी 15 किलो सामान, तेही मऊ बॅगेतच, हे समजावण्यात माझे निघण्यापूर्वीचे दोन आठवडे गेले होते. कॅम्पमध्ये पलंग असलेले प्रशस्त तंबू, रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. अंधार पडला की तंबूपर्यंत सोडायला पहारेकरी यायचा, कारण पाणघोडे नदीतून वर चरायला येतात.

आमचा कॅम्प कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे राखीव क्षेत्राला लागून असलेल्या खासगी जमिनीत होता. त्या दिवशी पहाटे आम्ही तिथून निघून राखीव क्षेत्रात मारा नदीवर गेलो. विल्डबीस्टचं, म्हणजे कळपाने फिरणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांचं, नदी ओलांडणं बघायलाच तर सगळे आले होते. शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून हिरव्या चाऱ्यामागे निघालेले हे कळप दरवर्षी इथवर येतात, सगळे मिळून दहा लाखांच्या वर. पलीकडच्या काठावर हजारेक जनावरं दाटीवाटीने उभी होती. पुढची पाण्यात उतरायची, दचकून मागे फिरायची, धुळीचा लोट उठायचा. दीड तास आम्ही श्वास रोखून होतो. मग आमच्या बाजूच्या काठावर, जिथे ती वर चढून येणार तिथेच, गाड्या पुढे सरकू लागल्या. एक सरकली म्हणून दुसरी. मी चाळीसपर्यंत मोजल्या. कळपाने वर बघितलं, आणि तो वळला. पाठ फिरवून सगळा कळप माळावर निघून गेला.

गाडीत कोणी बोलेना. मला मनापासून वाईट वाटलं. माझ्या पाहुण्यांसाठी वाटलंच, पण त्या जनावरांसाठी जास्त.

दुपारनंतर परत आमच्या कॉन्झर्व्हन्सीत आलो. हा प्रकार थोडा सांगायला हवा. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र साधारण 1,510 चौरस किलोमीटरचं. त्याला लागून मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. अनेक कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटनासाठी भाड्याने दिल्या. दर महिन्याला भाडं मिळतं, त्या बदल्यात तिथे कुंपण घालायचं नाही, घरं बांधायची नाहीत. कॅम्पही मोजकेच, त्यामुळे गाड्याही मोजक्याच. पाहुणे तंबूतल्या नक्षीदार आरशाचे फोटो काढतात, पण त्यांनी मोजलेले पैसे खरे लागतात ते या मोकळ्या माळासाठी.

चारच्या सुमाराला गाइडने गाडी थांबवली आणि हळूच म्हणाला, “डूमा.” स्वाहिलीत डूमा म्हणजे चित्ता. वारुळाच्या उंचवट्यावर मादी बसली होती. खाली गवतात तीन पिल्लं, पाठीवर राखाडी लांब केसांची झूल असलेली. अंतर दोनशे मीटर तरी असेल. आमच्याशिवाय एकच गाडी होती, तीही लांब.

आमच्यातले एक काका, निवृत्त, मोठी लेन्स घेऊन आलेले, लगेच म्हणाले, “मॅडम, त्याला जवळ घ्यायला सांगा. इथून काय दिसतंय?”

मी गाइडला विचारलं. त्याने मान हलवली. “ती शिकारीला बसली आहे. आपण पुढे गेलो तर हरणं उधळतील. शिवाय तरस गाड्यांवर नजर ठेवून असतात. गाड्या जिथे, तिथे खाणं, हे त्यांना कळतं.”

काकांनी पाकीट काढलं आणि डॉलरची नोट पुढे केली. गाइडने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. चेहऱ्यावर राग नव्हता.

“आम्ही एवढे पैसे भरलेत ते लांबून बघायला का?” काका माझ्याकडे वळले. सकाळची निराशा त्या आवाजात होती, हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, “काका, गाडी इथेच राहील. हा माझाही निर्णय आहे.” पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं, तेही सकाळ वाया गेलेल्या दिवशी! हात गार पडले होते माझे.

चाळीस मिनिटं काहीच घडलं नाही. मग मादी उठली. पोट जमिनीला टेकेल इतकी वाकून, एक पाऊल टाकायची आणि गोठायची. पिल्लं जागची हलली नाहीत. थॉमसन गॅझेलचा छोटा कळप चरत होता. धाव सुरू कधी झाली ते कळलंच नाही. धूळ, एक तिरकं वळण, आणि सगळं थांबलं. दुर्बिणीतून बघितलं तर ती हरणाचा गळा धरून आडवी पडली होती, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. लगेच खाल्लं नाही तिने. दम खात राहिली, सारखी चहूकडे बघत.

आणि मग तिने पिल्लांना हाक मारली. तो आवाज डरकाळीचा नाही. पाखराच्या चिवचिवाटासारखा, बारीक. इंजिन बंद होतं आणि वारा आमच्याकडे होता म्हणूनच तो ऐकू आला. तिन्ही पिल्लं गवतातून धडपडत निघाली. मागच्या सीटवरच्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काका लेन्स मांडीवर ठेवून गप्प बसले होते.

परत आल्यावर काकांनी अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये तक्रार लिहिली. चित्ता जवळून दाखवला नाही, टूर मॅनेजरने गाइडची बाजू घेतली. ऑफिसने माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी तो लिहिला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारातल्याच अभ्यासाचे आकडे त्यात घातले. पर्यटकांची फार वर्दळ असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी 0.2 पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र होतात, वर्दळ कमी असलेल्या भागात 2.3. काकांना त्या क्षणी काय वाटलं असेल तेही लिहिलं, कारण त्यांचं दुःख खोटं नव्हतं.

एक गोष्ट खुलाशात लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीकडे जाताना तीच मादी लांब एका झुडपाच्या सावलीत दिसली. गाइडने वेग कमी केला, दुर्बीण लावून बराच वेळ बघितलं आणि मागे न वळता हात वर केला. तीन बोटं.