तुम्ही विचारलंत म्हणून: 'गाठ पूर्ण निघाली ना?'

लेकीच्या मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनचं कळलं की पहिला प्रश्न हाच. तर नाही, पूर्ण नाही निघाली. ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठाला, चिकटलेला गाठीचा एक पातळ थर सर्जननी मुद्दाम ठेवला. हे ऐकलं की लोकांचे चेहरे पडतात, काहीजण तर लगेच दुसऱ्या डॉक्टरचा नंबर पाठवतात.

तिला मेडुलोब्लास्टोमा होता, म्हणजे कॅन्सरची गाठ, लहान मेंदूतला, डोक्याच्या मागच्या बाजूला. तिथे गाठ वाढली की मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि प्रेशर वाढतं, म्हणून ते सकाळचं डोकं दुखणं, उलट्या, चालताना झोक जाणं. गाठीच्या पुढेच ब्रेनस्टेम. श्वास, गिळणं, डोळे फिरवणं सगळं तिथून चालतं, तो थर खरवडायला गेलं तर पोरगी कायमची नळीवर जाऊ शकते. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत एमआरआय करतात आणि उरलेला भाग दीड चौरस सेंटीमीटरच्या आत असला तर सहसा परत उघडत नाहीत. तीन वर्षांपुढच्या मुलांना अख्ख्या मेंदूला आणि मणक्याला रेडिएशन, मग केमो, हे गाठ पूर्ण निघाली तरी बहुतेक वेळा द्यावंच लागतं, कारण पेशी त्या पाण्यातून खाली पाठीपर्यंत पसरतात. आणि पुढे काय होणार हे त्या इवल्याशा थरापेक्षा गाठीच्या मॉलेक्युलर प्रकारावर (पेशींच्या जनुकांतल्या बदलांवरून ठरतो तो) जास्त ठरतं. 'अमक्याच्या मुलाचं नुसत्या ऑपरेशनवर भागलं' म्हणता ना, त्याची बहुधा पायलोसायटिक, म्हणजे हळू वाढणाऱ्या प्रकारची गाठ असणार, ती पूर्ण निघाली तर बरेचदा पुढे काही लागत नाही. वेगळा आजार आहे हो तो.

जे कुणी विचारत नाही ते सांगते. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं, बाबा कुठेय विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी बोलणं बंद. एकही शब्द नाही. नुसतं रडणं, चिडणं, मान सावरत नव्हती. या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाचं असं होतं, सर्जननी आधी सांगितलेलं म्हणून निभावलं, नाहीतर मी आयसीयूच्या दारातच कोसळले असते. आठवडे गेले. मग एक एक शब्द, ओढून ओढून, आणि स्पीच थेरपी अजून चालू आहे.

त्यामुळे फोनवर तिच्याशी बोलाल तेव्हा तिचं वाक्य तिलाच पूर्ण करू द्या, मधेच शब्द पुरवलात तर ती सरळ फोन ठेवून देते. आत्याचा दोनदा ठेवलाय.