फूटव्हॉल

सोमवार, रात्री साडेदहा. धुळे.

काल संध्याकाळी पोचलो. पाठ धरलीय. टायरांच्या कडा सोलवटल्यात, पुढच्या रिमांवर ब्रेकची काळी भुकटी बसलीय. पुसायला हात जात नाही. राहू दे दोन दिवस.

आमचं घर आग्रा रोडपासून दोन गल्ल्या आत. जन्मभर त्या रस्त्यावर साड्या आणि भांडी घेतली, आग्रा मात्र कुणी पाहिला नव्हता. या वेळी तोच रस्ता धरला. शिरपूर, पळासनेर, बिजासनचा घाट, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेरला मुक्काम, आग्रा, आणि पुढे यमुना एक्सप्रेस वे संपता संपता बुद्ध सर्किट, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. हजारेक किलोमीटर जायचं ते ५.१२५ किलोमीटरच्या रस्त्यावर गोल फिरायला. आईच्या मते हा रिकामा धंदा आहे. तिचं चुकतंय असं मला तरी म्हणता येत नाही.

गाडी निसान ३७० झेड. ३.७ लिटर, व्ही सिक्स, टर्बो नाही, सहा गिअर, सगळा जोर मागच्या चाकांना. २०१० मध्ये कंपनीनं इथं आणली, फार कुणी घेतली नाही. माझ्याकडे आली ती तिसऱ्या हातानं. तेव्हापासून शेवभाजी घ्यायला थांबलो तरी पोरं जमतात. पहिला प्रश्न ठरलेला, "कितलं अव्हरेज देस भो?" दुसरा, "दोनच शीट? मंग आम्ही कोठे बसानं?"

पण दिवाळीनंतर हिनं मला रडवलं. पारोळा रोडवर सिग्नलला उभा होतो, क्लच दाबला तो वर आलाच नाही. पेडल पायपुसण्यासारखं खाली पडून. शेवटी टेम्पोला दोरी बांधून गाडी गॅरेजला. हा या मॉडेलचा जुनाच रोग: क्लच ढकलणारा सिलेंडर बेअरिंगसकट गिअरबॉक्सच्या पोटात बसवलेला. तो गळायला लागला की भाग मूठभर, पण काढायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्रींनी जॅक लावला, दीड दिवस खपले, मग तो तेलकट भाग माझ्या तळहातावर ठेवला. "साहेब, बाहेर बसवला असता तर वीस मिनिटांचं काम. ज्यानं हे डोकं चालवलं त्याला एकदा धुळ्याला बोलवा, चहा पाजू." नवा भाग परदेशातून मागवला, वर कस्टम ड्युटीची फोडणी. तीन आठवडे गाडी लाकडी ठोकळ्यांवर.

ट्रॅकवर जायच्या आधी इंजिन ऑइल नवं टाकलं, ब्रेकचं जुनं फ्लुइड काढून ताजं डॉट ४ भरलं. हे फ्लुइड हवेतली ओल पितं, मग तापलं की उकळतं आणि पेडल स्पंजासारखं होतं. तिसऱ्या वळणानंतरची सरळ पट्टी किलोमीटरभराहून जास्त लांब आहे. तिच्या शेवटी पाय ब्रेकवर ठेवताना असले हिशेब डोक्यात नकोत.

डॅशबोर्डच्या मधोमध तीन छोट्या डब्यांत तीन तबकड्या आहेत. घड्याळ, व्होल्टेज, ऑइलचं तापमान. दिवसभर मी तिसरीच बघत होतो. माझ्या गाडीला ऑइल कूलर नाही. पाचव्या फेरीला सुई १२५ च्या पुढे. १४० च्या आसपास गेली की गाडी स्वतःच जोर काढून घेते. मग दोन फेऱ्या पळवायची, एक फेरी वरच्या गिअरला रमतगमत. आम्हाला उन्हाची सवय आहे, मे महिन्यात दुपारी बारानंतर कुणी शेतात उभं राहत नाही. तोच नियम इथे लावला.

खरी गंमत दुपारच्या सत्रात. दहाव्या-अकराव्या नंबरचं ते लांब उजवं वळण, पाय दाबलेला, आणि इंजिननं एकदम घुटका घेतला. दम गेला, परत आला. पुढच्या फेरीला तिथेच, तसंच. पिटमध्ये येऊन बॉनेट उघडून बसलो. पेट्रोल निम्म्याच्या किंचित खाली होतं. प्लग बघितले, फ्यूज बघितले, काही कळेना.

रात्री आबांचा फोन. ते कधी गाडीबद्दल विचारत नाहीत, त्या रात्री विचारलं. सांगितलं, उजवीकडे लांब वळलो की गाडी अडखळते. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "हीरमानं पानी खाले गयं, फूटव्हॉल उघडा पडना, की मोटार हवा खास. तसंच शे हाई. टाकी भरी ठेव."

झालं. फूटव्हॉल म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाची झडप; पाणी तिच्या खाली गेलं की मोटार हवा ओढते. इथेही तेच, वळणात पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी उरत नाही. मी या गाडीबद्दल रात्री-रात्री वाचलंय. आबांनी गाडीचं बॉनेटही उघडलेलं नाही, पण चाळीस वर्षं विहिरीवर मोटार चालवलीय.

आज संध्याकाळी त्यांना पंपावर घेऊन गेलो. पहिल्यांदाच बसले. आत शिरताना टोपी छताला लागली, कोपर धरून बसवावं लागलं. टाकी फुल करायला सांगितली. नोजल लावता लावता पोऱ्यानं खिडकीत वाकून विचारलं, "आबा, कितलं अव्हरेज देस?"

आबांनी मीटरवर पळणाऱ्या रुपयांकडे बघितलं. "इचारू नको भो."